आजी-आजोबा बरोबर असतील तर

मुलांना घेऊन खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कला जावं की हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीला, असं तुम्ही विचारलंत; त्यावर बहुतेकांनी राइड्स मोजल्यात. आम्ही नाशिकहून दोन्हीकडे सासूबाईंना घेऊन गेलो होतो (गुडघे दुखरे!), त्यामुळे माझं माप वेगळं.

इमॅजिकाला घोटी, कसारा उतरून शहापूर-मुरबाड-कर्जतमार्गे खोपोली. गाडी स्वतःची असली की काम सोपं. हॉटेल पार्कला खेटूनच आहे, म्हणजे दुपारी म्हातारी माणसं खोलीवर आडवी आणि पोरं पुन्हा राइडवर. हे सुख फार मोठं आहे हो! वॉटर पार्कचं तिकीट मात्र वेगळं, ते आधीच ठरवा.

रामोजीचा पसारा अवाढव्य, सुमारे १६६६ एकर. आत त्यांच्याच बसमधून फिरवतात, पण दर थांब्याला उतरा, चढा, पुन्हा रांग. सासूबाई तिसऱ्या थांब्यानंतर उतरल्याच नाहीत. मुक्काम आतल्याच सितारा किंवा तारा हॉटेलात केलात तर हैदराबादहून रोजची ये-जा वाचते. नाशिक रोडहून देवगिरी एक्सप्रेस थेट सिकंदराबादला नेते, रात्र झोपेत जाते.

तुमची मुलं दहाच्या पुढची आहेत ना? मग इमॅजिकाच, आणि तेही मे महिना सोडून.