फरशीची सांधेदुखी : ग्राउट काळं पडलंय, आता भुसभुशीतही झालंय. मदत हवी आहे

स्वयंपाकघरातल्या टाइल्स चकाचक आहेत, पण मधले सांधे, म्हणजे त्यांत भरलेलं ग्राउट, काळेकुट्ट. ओट्यासमोरचा पट्टा तर विचारूच नका. परवा फ्रिज सरकवला तर खालचं ग्राउट फिकट राखाडी निघालं. इतकी वर्षं मी तो रंगच गडद समजत होते!

मग अंगात आलं. आधी खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतलं. फसफसलं भरपूर, निघालं काहीच नाही. मग बाथरूमसाठी आणलेलं अ‍ॅसिड पाण्यात घालून घासलं. इतकं स्वच्छ झालं की स्वतःचीच पाठ थोपटली आणि काही दिवसांनी पुन्हा तेच केलं. आता तीन-चार सांध्यांवरून नख फिरवलं की वाळू हाताला लागते, आणि नेमके तेच सांधे आधीपेक्षा काळे पडलेत.

हे साफ होण्यासारखं आहे की खरवडून नवं भरावं लागेल? सगळीकडे, की तेवढ्याच जागी? सीलरने (सांध्यांत पाणी-डाग मुरू नयेत म्हणून वरून लावतात ते) खरंच फरक पडतो का? (टाइल्स सिरॅमिकच्या आहेत.)

प्रतिसाद १
आधी ते अ‍ॅसिड बंद करा. साधं ग्राउट म्हणजे सिमेंटच. अ‍ॅसिडने मळ निघाला नाही, मळासकट सिमेंटचा वरचा थर निघाला. खाली उरलं ते खडबडीत, त्यात घाण आणखी पटकन बसते. सोडा आणि व्हिनेगर तर एकमेकांनाच मारून टाकतात.

जे सांधे अजून घट्ट आहेत त्यांना ऑक्सिजन ब्लीचची (क्लोरीन नसलेल्या ब्लीचची) पावडर गरम पाण्यात कालवून ओता. 10-15 मिनिटं ओलं राहू द्या, मग नायलॉनच्या ब्रशने घासा. तारेचा ब्रश नको, टाइलची चमक जाते. आणि मुख्य म्हणजे काळं पाणी लगेच फडक्याने टिपून घ्या. सांधे टाइलपेक्षा खोलगट असतात, नुसता मॉप फिरवला तर सगळा गाळ परत तिथेच जाऊन बसतो. तुमचे सांधे बहुधा असेच काळे झाले असणार.

क्लोरीनचं ब्लीच आणि अ‍ॅसिड चुकूनही एकत्र करू नका. विषारी वायू निघतो.

प्रतिसाद २
वाळू सुटतेय तेवढेच सांधे खरवडा, पण चांगले खोल. वरवर लिंपलेलं टिकत नाही. नवं ग्राउट पातळ कालवलं तर तेही भुसभुशीतच होणार, त्यामुळे पाणी बेताने. जुन्याशी रंग तंतोतंत जुळेल ही आशा सोडा. सिमेंटऐवजी एपॉक्सीचं (रेझिनचं) ग्राउटही मिळतं, ते जवळजवळ पाणी पीत नाही, सीलरही लागत नाही. पण टाइलवर राहिलेला थर वाळला की निघता निघत नाही. पहिल्यांदाच करताय तर सिमेंटचंच बरं.

सीलरने डाग बसायला वेळ लागतो, इतकंच. मळक्या सांध्यांवर लावलात तर मळ आत कोंडाल. गरज आहे का ते पाहायला कोरड्या सांध्यावर पाण्याचा थेंब टाका. तो मुरून सांधा गडद झाला तर सीलर नाही, किंवा संपलाय.

धागाकर्ती
थेंब टाकून पाहिला. फ्रिजखाली हळूहळू मुरला, ओट्यासमोर टाकल्या टाकल्या गडप! म्हणजे चार सांधे खरवडणार, बाकीच्यांना ऑक्सिजन ब्लीच, आणि सगळं खडखडीत वाळल्यावर सीलर. आता एवढंच सांगा, खरवडताना टाइलची कड उडू नये म्हणून काय करता?