'इंटरचेंज'ला मराठीत काय म्हणाल? आणि 'पार्कवे'ला?

मेघना:
मी बॉस्टनच्या ऑल्स्टन भागात राहते. मराठी मंडळाच्या अंकासाठी इथल्या रस्त्यांच्या कामावर लिहितेय आणि दोन शब्दांशी गाडं अडलंय. आय-९० महामार्ग इथे जुन्या रेल्वे यार्डाला वळसा घालून जातो. तो सरळ करायचा, इंटरचेंज, म्हणजे महामार्गावर चढण्या-उतरण्याच्या रस्त्यांची जुळणी, नव्याने बांधायचा आणि बॉस्टन विद्यापीठ व चार्ल्स नदी यांच्यामधला जीर्ण झालेला उंचावरचा रस्ता जमिनीवर आणायचा, असा बेत आहे. त्या चिंचोळ्या पट्ट्यात महामार्गाच्या ८ मार्गिका, रेल्वेचे रूळ, सोल्जर्स फील्ड रोड हा पार्कवे (फक्त छोट्या गाड्यांसाठीचा हिरवळीतला रस्ता) आणि नदीकाठची पायवाट, सगळं बसवायचंय. २०२४ मध्ये ३३.५ कोटी डॉलरचं केंद्रीय अनुदान जाहीर झालं होतं, त्यातला बहुतांश भाग २०२५ मध्ये काढून घेतला.
इंटरचेंजला 'चौक' लिहिलं तर संपादक म्हणाले, चौकात सिग्नल असतो. 'उद्यानमार्ग' वाचून बाबांनी फोनवर विचारलं, "बागेतली पायवाट का गं?" नुसतं 'पार्कवे' ठेवलं तर आईला वाटलं, गाड्या लावायची जागा.

कोथरूडकर:
'चौक'च ठेवा. आमच्या पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला, १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या रचनेचं उद्घाटन झालं. आता वर पूल, खाली रस्ते, बाजूला रॅम्प. तरी आम्ही चांदणी चौकच म्हणतो.

शब्दप्रेमी:
ते जागेचं नाव झालं, अर्थ नव्हे. चौकात रस्ते एकमेकांना छेदतात, इंटरचेंजमध्ये एकमेकांच्या वरून जातात. 'मार्गविनिमय' हा शब्द नेमका आहे.

कोथरूडकर:
विनिमय म्हटलं की परकीय चलन आठवतं. कंडक्टरला कळणार नाही असं नाव रस्त्याला देऊ नये. 'इंटरचेंज' लिहा. स्टेशन, पेट्रोल पंप पचवले, हाही पचेल.

शब्दप्रेमी:
असंच पचवत गेलो तर आपल्याकडे क्रियापदंच तेवढी मराठी उरतील.

तिठ्यावरचा:
मेघनाताई, 'तिठा' घ्या. आमच्या हातखंबा तिठ्यावर मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीची वाट फुटते. आजी सांगायची, "तिठ्यार उतर, पुढे चालत ये." तीन वाटा म्हणून तिठा.

पाटसकर:
'वाटा'चा 'ठा' कसा झाला? 'ठाव'मधला 'ठा' असावा, तीन वाटा थांबतात ती जागा. आमच्याकडे सोलापूर रस्त्यावर चौफुला आहे. कागदावर फुली मारली की चार टोकं होतात, तशी जागा म्हणजे चौफुला असावा. रस्त्याचा आकारच शब्दात आलाय.

मेघना:
चौफुला आवडला. पण पार्कवेचं काय? तिथे ट्रकला बंदी आहे, ही त्या शब्दातली महत्त्वाची गोष्ट. पुढे याच रस्त्याला स्टॉरो ड्राइव्ह म्हणतात, त्यावरचे पूल ठेंगणे आहेत. १ सप्टेंबरला विद्यार्थी घरं बदलतात. त्या दिवशी मी पुलाखाली अडकलेला सामानाचा ट्रक पाहिला. छताचा पत्रा मागे गुंडाळला गेलेला, आत उभी गादी आणि तुळशीवृंदावनाएवढी कुंडी, दोन मुलं कडेला डोकं धरून बसलेली. असल्या अपघाताला इथे 'स्टॉरोड' असं क्रियापदच आहे. 'महामार्ग' लिहिलं तर वाचणारा ट्रक घेऊन जाईल.

कोथरूडकर:
मग सरळ 'नदीकाठचा रस्ता' म्हणा, ट्रकबंदी वाक्यात सांगा.

शब्दप्रेमी:
पण पुणेकर त्याचा अर्थ नदीपात्रातला रस्ता असा घेतील. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल बुडतो, तो रस्ता बंद होतो. काठ वेगळा, पात्र वेगळं. 'तीरवीथी' कसा वाटतो?

कोथरूडकर:
वीथी म्हणजे गल्ली. ४ मार्गिकांची गल्ली?

तिठ्यावरचा:
पाटसकर, 'ठाव' पटत नाही. मग 'चव्हाटा'त 'ठा' का नाही? तिथे चार वाटाच आहेत.

पाटसकर:
चव्हाट्यात वाट नाहीच, 'हाट' आहे. चौहाट, चार बाजूंचा बाजार. म्हणून तर भांडण चव्हाट्यावर येतं, बघायला माणसं असतात.

तिठ्यावरचा:
आमच्या गावच्या चव्हाट्यावर बाजार कधीच भरत नाही. तिथे देव आहे.