पोरांची तंबाखू मैदानावर सुटेल का?

लाल माती:
सांगली जिल्ह्यातलं आमचं गाव. संध्याकाळी पाचला कबड्डीचा सराव असतो, आठवी ते बारावीची सतरा-अठरा पोरं येतात. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत नववीतल्या एकाच्या ओठाखाली तंबाखूची गोळी सापडली. विचारलं तर म्हणाला, "दादानं दिली. चढाईला दम टिकतो म्हणाला." दादा म्हणजे आमचाच बारावीतला चढाईपटू.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पोराच्या तळहातावर पहिली चिमूट दुकानदार ठेवत नाही, दोन-तीन वर्षांनी मोठा असलेला मित्र ठेवतो. मग सोडवायलाही तोच हवा. मी त्या दादालाच गाठलं. आधी त्यानं स्वतःची सोडली, तीनदा मोडून. आता सराव संपला की लहानांबरोबर बसतो. भाषण देत नाही, तलफ आली की काय होतं तेवढं सांगतो.

वेल्स आणि पश्चिम इंग्लंडच्या 59 शाळांत 'असिस्ट' नावाचा असाच प्रयोग झाला होता. तुमच्यात कुणाचं ऐकलं जातं, हे बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाच विचारलं. निवडून आलेल्यांना दोन दिवस शिकवलं आणि दहा आठवडे ती मित्रांशी गप्पांच्या ओघात बोलत राहिली. 2008 साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आला, त्या शाळांत सिगारेटचं प्रमाण कमी राहिलं. शिक्षकांचे लाडके निवडले असते तर हे झालं नसतं, असं मला वाटतं.

कृष्णाकाठ:
लाल माती, कळकळ पटते, पण तो प्रयोग सिगारेटचा होता. सिगारेटनं धाप लागते, म्हणून खेळणारा पोरगा ती टाळतो. तंबाखू मळून खाल्ली तर धाप लागत नाही, उलट निकोटिननं ठोके वाढतात आणि पोराला तरतरी आल्यासारखी वाटते. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले 24.4 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू घेत होते, ओढणारे 3.8 टक्के. म्हणजे आपलं दुखणं मैदानावर सहज लपणारं आहे. अमेरिकेत बेसबॉलवाल्यांच्या गालात तंबाखू वर्षानुवर्षं होती. टोनी ग्विन हा त्यांचा मोठा फलंदाज 2014 साली लाळग्रंथीच्या कॅन्सरनं गेला, आणि आपल्याला हे तंबाखूमुळंच झालं असं तो स्वतः सांगायचा. तुमच्या नववीतल्या पोराला तंबाखू मैदानानंच दिली ना?

शाळेची घंटा:
मी शिक्षिका आहे. 2003 च्या कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांत विक्रीला बंदी आहे, अठराच्या आतल्याला कुठंही विकता येत नाही. बालन्याय कायद्याच्या कलम 77 नुसार अशा मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी आमच्या फाटकातून टपरीवरच्या पुड्यांच्या माळा दिसतात. तक्रार केली की चार दिवस माळा आत जातात, पाचव्या दिवशी पुन्हा बाहेर. आधी ती टपरी हलवा. मोठ्यांनी करायचं काम सतरा वर्षांच्या पोरावर टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि मुलींचं काय? त्यांना मिशरीची डबी आजीकडून मिळते, घरातच. तुमच्या मैदानावर मुली किती येतात?

लाल माती:
बाई, एकही नाही. हे मला लागलं.

टपरीचं मान्य आहे, तुम्ही अर्ज करा, खाली माझी सही घ्या. पण टपरी हलली तरी पुडी दादाच्या खिशातून येणारच. आइसलँडनं दोन्ही बाजू धरल्या, कायदा कडक केला आणि मुलांच्या खेळाच्या फीला नगरपालिकेचे पैसे दिले. पंधरा-सोळा वर्षांच्यांत रोज सिगारेट ओढणारे 1998 मध्ये 23 टक्के होते, 2016 मध्ये 3 टक्के राहिले.

कृष्णाकाठ, हो, तंबाखू मैदानानंच दिली. म्हणून तर मी मैदान सोडत नाही.

कृष्णाकाठ:
आइसलँडची पालिका पैसे देते. आपल्याकडं स्पर्धेच्या कमानीवर पानमसाल्याची जाहिरात असते. ती नाकारणार का तुमचं मंडळ?

लाल माती:
यंदा नाकारायला लावतो. बक्षिसाची रक्कम निम्मी होईल, पोरांना तसं सांगून ठेवलंय.

परवा दादाला विचारलं, अजून तलफ येते का? म्हणाला, "जिंकल्यावर नाही येत. हरून टेम्पोतनं परत येताना येते." आता परतीच्या टेम्पोत मी त्याच्या शेजारी बसतो.