खुणांची भाषा शिकवल्याने बोलणं मागे पडत नाही

एका आईने विचारलंय की, कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा शिकवली तर ते तोंडाने बोलणारच नाही असं नातेवाईक सांगतात, ते खरं आहे का? ताई, ही भीती मनातून काढून टाका. खुणांची भाषा ही स्वतःचं व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. श्रवणयंत्र असो वा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं उपकरण), सोबत खुणा चालू ठेवता येतात. काळजी करायची तर पहिली वर्षं कुठल्याच भाषेविना जाऊ नयेत, याची करा. म्हणूनच श्रवणचाचणी बाळाच्या पहिल्या महिन्यात, बहिरेपणाचं निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि पुढची मदत सहाव्या महिन्याच्या आत सुरू व्हावी, असं तज्ज्ञ सांगतात. उशीर झाला असेल तर आजपासून लागा.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते जेवणाच्या वेळचं. सगळे हसतात, मूल विचारतं काय झालं, आणि उत्तर मिळतं, "काही नाही, नंतर सांगते." कृपया तेव्हाच सांगा, मोडक्यातोडक्या खुणांनी का होईना! गोष्टीच्या पुस्तकाचंही तसंच: आधी चित्र मनसोक्त पाहू द्या, नजर तुमच्याकडे वळली की मग खूण करा. दोन्हीकडे एकदम कसं बघणार ते?

दहातल्या नऊहून अधिक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू येणारे असतात, त्यामुळे बावरणं साहजिक आहे. कर्णबधिर प्रौढांना आवर्जून भेटा, मुलालाही भेटवा. आणि आजी-आजोबा, काका, बाबा सगळ्यांनी खुणा शिकायला हव्यात. आईने एकटीने दुभाषी का व्हायचं?