बीपी-शुगरचे आकडे डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवताना नेमकं काय लिहायचं?

कृष्णाकाठ: वडिलांना (वय ६८) बीपी आणि शुगर दोन्ही आहे. ते साताऱ्यात, डॉक्टर पुण्यात. दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष दाखवतो, मधल्या काळात आकडे व्हॉट्सॲपवर पाठवायला डॉक्टरांनीच सांगितलंय. पण दर वेळी उलट प्रश्न येतात: कधी मोजलं, कुठली गोळी चालू आहे. एकाच मेसेजमध्ये काम होईल असं काय पाठवावं? आणि त्यावर आलेल्या उत्तरावर मेडिकलवाले गोळ्या देतात का?

ओपीडी_सिस्टर: पहिल्या ओळीत रुग्णाचं पूर्ण नाव, वय, केसपेपर नंबर. मेसेज तुमच्या फोनवरून जातो, त्यामुळे "बाबांचं बीपी वाढलंय" यातले बाबा कोण, हे समोर कळत नाही.

बीपी सलग सात दिवस मोजा, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आधी पाच मिनिटं शांत बसवा: पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीवर. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नको. पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत धरत नाहीत. सुटा १६०/९० एकदाच पाठवला तर त्यावरून गोळी बदलता येत नाही, म्हणूनच उलट प्रश्न येतात.

शुगर लिहिताना "जेवणानंतर" एवढं पुरत नाही. ही शुगर दोन तासांनी बघतात, आणि ते दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही. लॅबचा रिपोर्ट आला तशी पीडीएफ पाठवा. स्क्रीनशॉटमध्ये नेमकं नाव, तारीख आणि एकक कापलं जातं.

फार्मासिस्ट_कोल्हापूर: गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो हवेतच, नावाची बाजू वर ठेवून. टेल्मिसार्टन ४० साधी, 'एएम' आणि 'एच' या तीन वेगवेगळ्या गोळ्या आहेत. शेवटच्या दोन्हींत बीपीचं आणखी एक औषध असतं. मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) ५०० साधी आणि 'एसआर' (औषध हळूहळू सुटणारी) यांतही फरक आहे. स्ट्रिप कापून घेतली की नाव दुकानातल्या तुकड्यावर राहतं, म्हणून नावाचा तुकडा मागून घ्या. आणि चिठ्ठीत काय आहे यापेक्षा वडील प्रत्यक्षात काय घेतात ते लिहा. या आठवड्यात दोन डोस चुकले असतील तर तेही. ते लपलं की डोस विनाकारण वाढतो.

चिठ्ठीबद्दल: २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार व्हॉट्सॲपवरचा सल्ला चालतो. त्याच आजारासाठी त्याच डॉक्टरांना सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष दाखवलं असेल तर तो फॉलो-अप धरला जातो, तुमचं त्यात बसतं. पण "हीच गोळी चालू ठेवा" हा मेसेज म्हणजे प्रिस्क्रिप्शन नव्हे. डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक असलेल्या चिठ्ठीचा फोटो किंवा पीडीएफ मागा. परिशिष्ट एक्समधली (औषध नियमांतली कडक नियंत्रणाची यादी) आणि एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याखालची औषधं अशा सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत.

कृष्णाकाठ: वडिलांना टाइप करायला जमत नाही. आकडे व्हॉइस नोटवर सांगितले तर?

ओपीडी_सिस्टर: नको. दोन महिन्यांनी मागचे आकडे शोधायचे तर सगळ्या नोट्स पुन्हा ऐकाव्या लागतात. वहीत तारीख-वेळ-वरचं-खालचं-नाडी असे रकाने आखून द्या आणि आठवड्याने त्या पानाचा फोटो उजेडात काढून पाठवा. चॅटमध्ये 'डिसअपिअरिंग मेसेजेस' चालू असेल तर बंद करा, नाहीतर नोंदी आपोआप पुसल्या जातात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, दम लागणं यासाठी मेसेज करून वाट बघू नका, थेट १०८ लावा. निळ्या खुणा दिसल्या म्हणजे डॉक्टरांनी नीट वाचलं असं नसतं, फोन स्वागतकक्षातही असू शकतो. शुगर ७० च्या खाली गेली आणि शुद्ध असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा, तरीही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ लावा. डॉक्टरांना कळवायचं ते नंतर.