डायल-अप चालायचे, मग ब्रॉडबँड का टिकत नव्हते?

प्रश्न (गुहागर)
नमस्कार. गावच्या वाचनालयासाठी घरगुती इंटरनेटच्या पहिल्या काही वर्षांचे टिपण लिहीत आहे. बाजारपेठेत एडीएसएल ब्रॉडबँड (फोनच्याच तारेवरून चालणारे वेगवान इंटरनेट) सुरळीत चालत असे, पण त्याच दूरध्वनी केंद्रावरच्या आमच्या वाडीत ते सारखे तुटत असे. डायल-अप, म्हणजे फोन लावून जोडायचे इंटरनेट, मात्र संथ का होईना, चालत होते. तार तांब्याचीच, मग असे का? आयएसडीएनने (त्याच तारेवरून मिळणाऱ्या डिजिटल फोन जोडणीने) काम भागले असते का?

उत्तर (रत्नागिरी)
तार एकच असली तरी दोन्ही तंत्रे तिचा निरनिराळा भाग वापरतात. डायल-अप मोडेम बोलण्याच्या आवाजाच्या पट्ट्यातूनच, म्हणजे साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झमधून, माहिती पाठवत असे. त्यामुळे जिथवर फोनवर नीट ऐकू येई, तिथवर जोडणीही बहुधा होई. एडीएसएल मात्र सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंत जाते, आणि वारंवारिता जितकी जास्त तितका सिग्नल वाटेत लवकर क्षीण होतो. केंद्रापासून चार-पाच किलोमीटरनंतर फारसे काही हाती लागत नाही. हे अंतर तारेच्या वाटेने मोजावे लागते. आपल्याकडे तार खाडीला वळसा घालून, घाटी चढून वाडीत येते, त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारे घरही प्रत्यक्षात लांब पडते.

उत्तर (मालवण)
वरील उत्तरात पावसाची भर घालावीशी वाटते. सांध्यांत पाणी शिरले की खरखर वाढते, आणि मुळातच क्षीण झालेला सिग्नल त्यात बुडून जातो.

आयएसडीएनवर सेकंदाला ६४ किलोबिटचे दोन मार्ग मिळत, म्हणजे जोडून १२८. पण त्यालाही अंतराची मर्यादा होतीच. पाच मेगाबाइटची फाइल ५६ किलोबिटच्या डायल-अपवर उत्तम स्थितीतही बारा मिनिटे घेई, आयएसडीएनवर पाच, आणि केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडसाठी ठरवलेल्या किमान २५६ किलोबिटवर तीनपेक्षा कमी. तरीही माझ्या मते वेगापेक्षा मोठा बदल वेगळाच होता: इंटरनेट चालू असताना फोन मोकळा राहू लागला. ज्या घरातली माणसे मुंबईला नोकरीला होती, त्या घराला याचे मोल अधिक होते. टिपणात हे अवश्य यावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. अंतराचा हा परिणाम आता पडताळता येईल का?

उत्तर (रत्नागिरी)
एडीएसएल मोडेमच्या माहितीच्या पानावर सिग्नलची घट डेसिबलमध्ये दिसत असे. आकडा साठच्या पुढे असेल, तर जोडणी टिकणे अवघडच. कोणी तो तेव्हा लिहून ठेवला असेल, तर बाजारपेठेतल्या आणि वाडीतल्या नोंदी शेजारी-शेजारी मांडून पाहाव्यात.