मदत हवी आहे: आजोबांच्या पेटीत जुनी काडतुसं निघाली, चालतील का?

माळावरचा (निलंगा)
वाड्याची माडी उतरवायलोय. आजोबांच्या लोखंडी पेटीत बारा-पंधरा काडतुसं निघाली. पितळी बूड हिरवं पडलंय, बाकी बरी दिसायलीत. चांगली-वाईट कशी ओळखायची? रानडुकरांनी हरभरा पार लोळवलाय. लवकर सांगा.

कोर्टकचेरी
बंदूक कुणाची? परवाना कुणाच्या नावावर?

तेरणाकाठ
काडतुसाची नळी कागदाची का प्लास्टिकची? बोअर, म्हणजे बंदुकीच्या नळीचं माप, कोणता? काहीच लिहिलं नाही, सांगायचं काय?

माळावरचा
कागदाची, बाराबोअर. बंदूक चुलत्याची, पीक संरक्षणाचा परवाना हाय. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली. आता सांगा.

रानपाखरू
चार दिवस कडक उन्हात घाला. आमच्या वडिलांनी तसंच केलं होतं, एक सोडून सगळी वाजली.

माजी कामगार, खडकी
उन्हात अजिबात घालू नका. माझं आयुष्य काडतुसांच्या कारखान्यात गेलंय म्हणून कळकळीनं सांगतो. बिनधुराच्या दारूचा खरा वैरी उष्णताच आहे. तुमच्याकडच्या पत्र्याखाली ती इतके उन्हाळे तापलीय, आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. कागदी नळी ओल धरून फुगते आणि बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेत अडकते. बुडातली ठिणगी देणारी टोपी दमट झाली की कधी वाजतच नाही, कधी उशिरा वाजते. सगळ्यात वाईट म्हणजे फुसका बार. छर्रा बंदुकीच्या नळीतच राहतो, वर दुसरं काडतूस उडवलं की नळी फाटते, सोबत हातही जातो. कारखान्यात सुद्धा नुसतं बघून कुणी पास करत नाही, प्रत्येक लॉटमधले नग उडवून पाहतात. तुमच्या पंधरा नगांचा लॉट कोणता, कुणाला माहीत?

रानपाखरू
आमची वाजली ती काय खोटी?

माजी कामगार, खडकी
वाजली हे खरं. जे वाजलं नाही ते बाहेर काढताना किती वेळ थांबला होता तुम्ही? नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबावं लागतं.

उदगीरकर
पेटी 1948 च्या आधीची असेल तर जपून ठेवा. तेव्हा निलंगा, उदगीर बीदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यात. पोलीस ॲक्शन 13 सप्टेंबरला सुरू झाली, नळदुर्ग पहिल्याच दिवशी पडलं, 17 ला सगळं संपलं. रझाकारांच्या भीतीनं लोकांनी घरात बरंच काही लपवलं होतं. माझी आजी सांगायची...

माळावरचा
थांबा दादा. पेटीच्या तळाला फडक्यात आणखी सात निघाली. लांब, टोकदार. बुडाला कड हाय, त्यावर केएफ आणि 43 कोरलंय. ही कशाची? बंदुकीत तर जायची नाहीत.

माजी कामगार, खडकी
कड असलेलं, टोकदार, साधारण 78 मिलिमीटर लांब असेल तर थ्री-नॉट-थ्री रायफलचं. केएफ म्हणजे किरकी, आपली खडकी, 43 हे साल. आत दोऱ्यासारखं कॉर्डाइट, म्हणजे बिनधुराची दारूच, भरलेलं असतं. फोडून बघू नका, घासू नका, चुलीजवळ नेऊ नका.

कोर्टकचेरी
थ्री-नॉट-थ्री प्रतिबंधित बोअर आहे, साध्या परवान्यावर मिळतच नाही. बाराबोअरची पण चुलत्याच्या परवान्यावर नाहीत, ती आजोबांची. शस्त्र कायदा 1959, कलम 21: ताबा कायदेशीर राहिला नाही की विनाविलंब जवळच्या ठाण्यात जमा करायचं. सापडल्याबरोबर स्वतःहून कळवणं वेगळं आणि उद्या कुणी तक्रार केल्यावर घरात सापडणं वेगळं. पिशवीत घालून मोटरसायकलवर नेऊ नका. 112 ला सांगा, ते येतील.

तेरणाकाठ
आणि डुकरासाठी कुंपणाच्या तारेला सोलरचं झटका मशीन लावा. माझा ऊस वाचलाय.

बालाघाट
बंदुकीच्या नळीला आतून तेलाचा हात दर महिन्याला द्या, गंज धरत नाही.

माळावरचा
फोन केला. ठाण्यातनं दोघं आले, मग जिल्ह्याचं बॉम्बशोधक पथक. पंचनामा करून बावीस नग नेले, पावती दिली. चुलते चिडलेत, बापाची शेवटची वस्तू दिली म्हणून. रिकामी पेटी त्यांच्याच खोलीत ठेवलीय.
तेरणाकाठ, तीन एकराला झटका मशीनची बॅटरी केवढी लागते?